दोन पहारेकरी, एक दार

बँकेच्या काउंटरवर ‘लिंक नाही’ हे दोन शब्द ऐकले नाहीत असा माणूस आमच्या खेडमध्ये सापडायचा नाही. मागे भरणे नाक्याकडून पावसात भिजत आलेली एक आजी पेन्शनसाठी दीड तास बसली आणि रिकाम्या हाताने परतली. कवितेच्या माणसाने यंत्रांच्या भानगडीत पडू नये, हे खरे. पण माझा भाचा नवी मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. त्याला विचारले, “अरे, एवढ्या मोठ्या संस्थांकडे जादा यंत्र नसते का?” तो हसला. “मामू, असते ना. कधीकधी त्या जादा यंत्रापायीच बंद पडते.”

त्याने समजावले ते असे. संस्थेच्या नेटवर्कच्या दारावर एक पहारेकरी असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. कोणाला आत सोडायचे, कोणाला अडवायचे हे तो ठरवतो. तो आजारी पडला तर दारच बंद. म्हणून दोन ठेवतात. एक कामावर, दुसरा तयारीत. दोघांमध्ये एक वेगळी तार असते आणि तिच्यावरून सतत ‘मी जिवंत आहे’ असा ठोका जात असतो. व्हीआरआरपी नावाच्या १९९८ सालच्या पद्धतीत हा ठोका साधारणपणे दर सेकंदाला पडतो. तीन ठोके चुकले की दुसरा समजतो, आता आपली पाळी.

पण नुसते उभे राहून भागत नाही. मशिदीत जमातीची नमाज चालू असताना इमामाचा वुजू तुटला, तर तो मागे सरतो आणि मागच्या रांगेतल्या एकाला पुढे करतो. नमाज पहिल्यापासून सुरू होत नाही. कितवी रकात चालली आहे हे नव्या माणसाला ठाऊक असते, तिथूनच पुढे जायचे. फायरवॉलचेही तसेच. चालू व्यवहारांची नोंद पहिल्याकडून दुसऱ्याकडे सतत पोचत असली पाहिजे. ती पोचली नाही, तर दुसरा उभा राहतो खरा, पण आधीची जोडणी ओळखतच नाही आणि सगळ्यांना दाराबाहेर काढतो.

याहून वाईट प्रकार निराळा. दोन्ही यंत्रे धडधाकट, फक्त मधली तार तुटलेली. ठोका ऐकू येत नाही म्हणून दुसरा पुढे होतो. पहिला तर हललेलाच नसतो. दोघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि नेटवर्कला कळेना की ऐकायचे कोणाचे. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. लिंक येते-जाते, येते-जाते, आणि बाहेरच्याला वाटते की गर्दी आहे.

अशा वेळी नवखा माणूस दोन्ही यंत्रे बंद करून चालू करतो. भाच्याच्या मते हीच पहिली चूक, कारण पुराव्यांतला मोठा भाग त्यात पुसला जातो. तो आधी दोघांनाही वेगवेगळे विचारतो, ‘सध्या मुख्य कोण?’ दोघांनी ‘मीच’ म्हटले तर एकाला नेटवर्कपासून अलग करायचे, मग तार तपासायची. ठोक्यासाठी दोन तारा हव्यात आणि त्या एकाच स्विचमधून जाता कामा नयेत, नाहीतर तो स्विच गेला की दोन्ही गेल्या. तार ठीक असेल तर दोघांच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि नियमावली सारखी आहे का ते पाहायचे. एकाची सुधारणा केली आणि दुसऱ्याची राहून गेली, असे पुष्कळदा घडते. कधी बदली नीट होते, पण शेजारचा स्विच जुन्याच यंत्राकडे टपाल टाकत राहतो. कधी ठोका चालू असतो आणि बाहेरची लाइन मेलेली. लाइनवर लक्ष ठेवायला सांगितलेच नसेल, तर यंत्र बिचारे कामावर हजर! हे सगळे नोंदींच्या वेळा जुळवूनच कळते, म्हणून दोघांची घड्याळे एक हवीत.

राखीव व्यवस्था असूनही काम बंद पडल्याचे मोठे उदाहरण मुंबईतलेच आहे, फायरवॉलचे नसले तरी. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन्हींत बिघाड झाला. त्याने माहितीची साठवणयंत्रणा कोलमडायला नको होती, पण ती आराखड्याप्रमाणे वागली नाही आणि जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली. राखीव केंद्र होते, व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. लोकांचे सौदे तासन्‌तास अडकून पडले.

त्यानंतर सेबीने नियम कडक केले. अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि पुढच्या ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी तर बाजार मुद्दाम उघडला, थोडा वेळ मुख्य केंद्रावर चालवला आणि मग खऱ्याखुऱ्या सौद्यांसह राखीव केंद्रावर नेला.

अशी तालीम पुष्कळ ठिकाणी कागदावरच होते, असे भाचा सांगतो. चालू यंत्राची तार स्वतःच्या हाताने कोण उपटणार? तो रविवारी पहाटे दोन वाजता उपटतो, साहेबांची लेखी परवानगी खिशात ठेवून आणि साहेबांना शेजारी बसवून.