पडद्यावरची घरं आणि खरी घरं

गेल्या ईदच्या सुट्टीत आमच्या घरी मुलांनी ‘बोहेमियन रॅप्सडी’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला. ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या जीवनावरचा. चित्रपट संपला आणि धाकटी म्हणाली, “अम्मी, त्याचे वडील किती कठोर होते!” आम्ही विचारलं, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “सिनेमात दाखवलं ना!”

तिच्या या साध्या उत्तराने आम्ही विचारात पडलो. असे चित्रपट पाहावेत की नाही, यावर घरोघरी मतं वेगळी असतील. पण ते मुलांच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेच आहेत. तेव्हा त्यात कलावंताच्या घरच्यांबद्दल जे सांगितलं जातं ते कितपत खरं असतं, हे पाहायलाच हवं.

फ्रेडीचं खरं नाव फारूख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. घराणं पारशी, वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारी नोकरीत. मुलगा शिकला तो आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून. पहिला बँडही त्याने तिथेच शाळासोबत्यांबरोबर काढला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हे कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेलं. चित्रपटात मात्र फ्रेडीची कहाणी सुरू होते ती लंडनमध्ये. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला समुद्रापार शिकायला पाठवणारे आईबाप, पुढे परक्या देशात नव्याने संसार मांडणारे आईबाप आपल्याला दिसतच नाहीत. दिसतात ते नाराज वडील, आणि शेवटी मुलाला मिठी मारणारे वडील.

ही मिठी चित्रपटात येते १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाच्या दिवशी. त्याआधी फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलेलं असतं, म्हणून पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात. प्रत्यक्षात, त्याच्या निकटवर्तीयांच्या सांगण्यानुसार, हे निदान १९८७ साली झालं. बँड मोडला होता आणि त्या दिवशी पुन्हा जुळला, हेही खरं नाही. त्याच वर्षी जानेवारीत तो ब्राझीलमध्ये गात होता, मे महिन्यापर्यंत त्याचा दौरा चालू होता. एकट्याने गाण्यांचा अल्बम काढून फ्रेडीने मित्रांना दुखावलं, असं चित्रपट सांगतो. पण ड्रमवादक रॉजर टेलर यांचा स्वतंत्र अल्बम त्याच्या चार वर्षं आधी आला होता! चित्रपटात बँडमधले मित्र घरंदाज, समजूतदार. उशिरा येणारा, नशेत बुडालेला एकटा फ्रेडी. हा चित्रपट घडवताना बँडमधले दोन हयात सहकारी सल्लागार म्हणून सोबत होते, फ्रेडी मात्र १९९१ सालीच वारला होता. त्याचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. आई जेर आणि बहीण काश्मिरा पुढे मुलाखतींमधून त्याच्याबद्दल मायेनेच बोलत राहिल्या. घराचं आणि मुलाचं नातं एका मिठीत तुटतं-जुळतं असं थोडंच असतं?

दुसरी गोष्ट अमेरिकन गायक जॉनी कॅश यांच्या घरातली आहे, आणि आम्हाला ती अधिक लागली. १९५४ साली त्यांचं विव्हियन लिबर्टो यांच्याशी लग्न झालं. चार मुली झाल्या. नवरा दौऱ्यांवर, गोळ्यांच्या व्यसनात. मुलींचं सगळं विव्हियन यांच्यावर. १९६६ साली त्यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला. १९६८ मध्ये कॅश यांनी गायिका जून कार्टर यांच्याशी लग्न केलं.

या कहाणीवर २००५ साली ‘वॉक द लाइन’ आला. त्यात जून ही सावरणारी, तारणारी. विव्हियन मात्र सतत कुरकुरणारी, नवऱ्याच्या गाण्याची कदर नसलेली बायको. चित्रपटाच्या निर्मितीत कॅश आणि जून यांच्या मुलाचा सहभाग होता. मुलाने आपल्या आईची गोष्ट प्रेमाने सांगावी, यात गैर काही नाही. पण दुसऱ्या चार मुलींनाही आई होती. त्यांतली कॅथी घरच्यांसाठी ठेवलेल्या खेळातून उठून बाहेर गेली, आणि आपल्या आईवर अन्याय झाल्याचं तिने उघड सांगितलं.

यातली खरी बोच पुढे आहे. चित्रपटाला ज्या गाण्यावरून नाव दिलं, ते कॅश यांनी १९५६ साली लिहिलं होतं, घरी असलेल्या विव्हियनशी एकनिष्ठ राहण्याचा शब्द देण्यासाठी. ज्या बाईसाठी गाणं लिहिलं, त्याच्याच नावाच्या चित्रपटात ती बाई कजाग ठरली! चित्रपट लागण्याच्या काही महिने आधी विव्हियन वारल्या. त्यांनी लिहिलेलं पुस्तक २००७ साली निघालं. तरुणपणी कॅश सैन्यातल्या नोकरीसाठी जर्मनीत असताना त्यांनी विव्हियनला धाडलेली प्रेमपत्रं त्यात आहेत. पण चित्रपट पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडलं असेल?

आपल्याकडे गीबत आणि बोहतान यांत फरक करतात. पाठीमागे सांगितलेला खरा दोष ती गीबत, खोटा दोष ते बोहतान. चित्रपटात दोन्ही अशी मिसळतात की पाहणाऱ्याला वेगळी करता येत नाहीत. दोन तासांत आयुष्य बसवायचं तर काटछाट होणार, तारखा मागेपुढे होणार, हे आम्ही समजू शकतो. पण नायक उजळावा म्हणून त्याच्या घरातल्या कुणाला काळं करणं ही काटछाट नव्हे. तो माणूस उत्तर द्यायला हयात नसेल, तर ते अधिकच वाईट.

त्या रात्री आम्ही मुलांना तीन प्रश्न लिहून दिले. ही गोष्ट कोण सांगतंय? ज्याला वाईट दाखवलंय त्याची बाजू कुणी विचारली का? आणि कोण दिसलंच नाही? थोरल्याने लगेच शोधाशोध सुरू केली. धाकटी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अम्मी, आपल्या घरावर कुणी सिनेमा काढला, तर दादीजानबद्दल कोण सांगेल?”

दादीजान शेजारीच तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला विचारा म्हणावं आधी.”