दीर्घ अंतराळ-मोहिमेतील अर्थपूर्ण कामाचा प्रश्न

दीर्घ अंतराळ-मोहिमेचा विचार करताना प्राणवायू, अन्न, किरणोत्सर्ग हे प्रश्न प्रथम पुढे येतात. परंतु शेकडो दिवस बंदिस्त जागेत राहणाऱ्या व्यक्तीला आपले काम अर्थपूर्ण कशामुळे वाटते, हा प्रश्नही तितकाच व्यावहारिक आहे. कामाचे प्रमाण आणि कामाचा अर्थ या भिन्न गोष्टी होत, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

१६ नोव्हेंबर १९७३ रोजी अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकाकडे निघालेल्या कार, गिब्सन व पोग यांचे वेळापत्रक आधीच्या मुरलेल्या तुकडीच्या वेगावर बेतलेले होते. तिघेही नवखे. काम मागे पडू लागले, चिडचिड वाढली. ३० डिसेंबर रोजी नियंत्रकांशी मोकळेपणाने बोलणे झाले. नित्याची किरकोळ कामे सोयीने करण्याची मुभा मिळाली आणि ८४ दिवसांच्या मोहिमेच्या उत्तरार्धात काम उलट अधिक झाले. (या प्रसंगाला 'अंतराळातील संप' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती अतिरंजित आहे.)

डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील झिनियाच्या रोपांवर बुरशी आली. पाणी केव्हा घालावे हे पृथ्वीवरून ठरत होते. स्कॉट केली यांनी तो निर्णय आपल्याकडे मागितला. त्यांना छोटेसे मार्गदर्शक पत्रक देऊन रोपे सोपविण्यात आली. जानेवारी २०१६ मध्ये फूल उमलले. वेल्ह्यातील शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. खाचरातले पाणी पुण्यात बसून सोडता येत नाही, हे तो जाणतो.

तथापि केवळ स्वायत्तता पुरत नाही. मोहिमेतील बहुतेक काम नोंदी घेण्याचे, म्हणजे एकसुरी असते. त्याला अर्थ कोठून येतो, हे पाहण्यासाठी आपल्याकडील सर्वांत जवळचे उदाहरण अंटार्क्टिकातील 'मैत्री' केंद्राचे आहे. १९८९ पासून तेथे हिवाळी तुकड्या राहत आल्या आहेत. सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि हिवाळ्यात परतीची वाट बंद असते. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे निरीक्षक तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची अखंड नोंद ठेवतात. काम वरकरणी कंटाळवाणे. पण एका दिवसाचा खंड पडला तर तो दिवस पुन्हा मोजता येत नाही. शिवाय ही नोंद एकटी नसते. कुलाब्याला १८४१ मध्ये सुरू झालेली आणि मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नेलेली मालिका याच संस्थेची आहे. अंधारात यंत्र तपासणाऱ्याच्या मागे अशी पिढ्यांची रांग उभी असते. माझ्या मते एकसुरी कामाला अर्थ देणारी हीच गोष्ट होय.

मंगळाच्या वाटेवर नेमकी हीच साखळी सैल होईल. संदेशाला एका बाजूने २० मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो. स्कायलॅबसारखे बोलणे तेथे अशक्य आहे. त्यामुळे कामाची वेळ ठरविण्याचा अधिकार यानातील माणसांकडे आपोआप जाईल. आपली नोंद कोणी वापरली, तिच्यातून काय निघाले, हे मात्र पृथ्वीवरूनच कळवावे लागेल. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या दिनक्रमात मोजमापांसाठी जसा वेळ राखला जाईल, तशीच त्या मोजमापांचे पुढे काय झाले हे वर सांगण्यासाठीही रोज काही मिनिटे राखावी लागतील.