१२ एप्रिलचा दिनविशेष

शाळेच्या फळ्यावर दररोज जो दिनविशेष लिहिला जातो, तो बहुतेक विद्यार्थी वाचतात आणि प्रार्थनेची घंटा होतांच विसरतात. यांत त्यांचा दोष फारसा नाहीं. एका ओळींत सन, नांव आणि घटना कोंबली म्हणजे तींत जीव तो कितीसा उरणार? यास्तव आम्ही एकच तारीख घेऊन तिच्या पोटांत काय दडलें आहे तें थोडें उलगडून पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम सन १८६१. या दिवशीं पहांटे अमेरिकेंतील चार्ल्स्टन बंदरांत समटर किल्ल्यावर दक्षिणेकडील राज्यांच्या तोफा सुरू झाल्या व यादवी युद्धास तोंड लागलें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेलें हें युद्ध चार वर्षें चाललें. त्याचा परिणाम मुंबईसही भोगावा लागला, मात्र तो प्रथम सोन्याच्या रूपानें! अमेरिकेचा कापूस बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानच्या कापसाकडे धांव घेतली. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरून पेढ्या धडाधड बुडाल्या. राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगींतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद याच तेजींत चढले व याच मंदींत पडले.

१९४५ सालीं याच तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट वारले. वयाच्या ३९ व्या वर्षीं त्यांचे पाय लुळे पडले व पोलिओचें निदान झालें. पुढें १९३८ सालीं त्यांनीं या रोगाविरुद्ध एक संस्था स्थापिली, आणि सामान्य लोकांनीं तिला दहा-दहा सेंटांचीं नाणीं धाडलीं. त्या पैशांतून जोनास साल्क यांची लस तयार झाली. रूझवेल्टांच्या मृत्यूस बरोबर दहा वर्षें झालीं त्या दिवशीं, १२ एप्रिल १९५५ रोजीं, मिशिगन विद्यापीठांत तिचा निकाल जाहीर झाला. परीक्षेंत सुमारें १८ लक्ष मुलांनीं भाग घेतला होता. पोलिओची सांथ एका वर्षीं भडके, दुसऱ्या वर्षीं आपोआप मंदावे. मग गुण लशीचा कीं दैवाचा, हें ठरवावें कसें? म्हणून लक्षावधि मुलांपैकीं निम्म्यांस खरी लस व निम्म्यांस नुसतें निरुपद्रवी द्रव्य टोचलें, आणि कोणास काय मिळालें हें टोचणाऱ्या डॉक्टरांसही कळूं दिलें नाहीं. आमच्या मतें लशीइतकीच ही युक्तीही मोलाची आहे. तथापि त्याच महिन्यांत एका कारखान्याच्या लशींत जिवंत विषाणू राहून गेल्यामुळें कित्येक मुलें पंगू झालीं, कांहीं दगावलीं. तेव्हांपासून तपासणीचे नियम कडक झाले. आपल्या देशांत पोलिओचा नैसर्गिक विषाणू २०११ च्या जानेवारींत, हावडा जिल्ह्यांतील एका बालिकेंत, शेवटचा आढळला.

आतां १९६१. समटरच्या तोफांस शंभर वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं २७ वर्षांचा रशियन वैमानिक यूरी गागारिन पृथ्वीभोंवतीं एक फेरी मारून आला. उड्डाणापासून उतरेपर्यंत १०८ मिनिटें लागलीं. यान वर राहिलें तें कशाच्या आधारावर? आधार नव्हताच, तें सारखें पडतच होतें! सोडलेला धोंडा पहिल्या सेकंदांत सुमारें ५ मीटर खालीं येतो. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें तिचा पृष्ठभागही दर ८ किलोमीटरांस साधारण ५ मीटर खालीं वळतो. तेव्हां जी वस्तु एका सेकंदांत ८ किलोमीटर आडवी धांवेल, ती जितकी पडेल तितकीच जमीन तिच्याखालून दूर सरकेल. मात्र हवेचा अडथळा नसावा, म्हणून इतक्या उंच जाणें भाग पडतें. हें गणित न्यूटनने सतराव्या शतकांतच मांडलें होतें. उणीव होती ती अग्निबाणाची.

वजनरहित स्थितींत माणसाचें डोकें ठिकाणावर राहील कीं नाहीं, याची डॉक्टरांस शंका होती. म्हणून हातानें यान चालविण्याची कळ बंद ठेवून ती उघडण्याचा आंकडा एका पाकिटांत घातला होता. पाकिटाची गरज पडली नाहीं. परततांना सुमारें ७ किलोमीटर उंचीवर गागारिन यानांतून बाहेर फेंकला गेला व छत्रीच्या साहाय्यानें सारातोव्ह प्रांतांतील एका शेतांत उतरला. तेथें बटाटे लावणारी एक वृद्धा व तिची नात त्याचा नारिंगी पोशाख पाहून भ्यालीं. आपण त्यांच्याच देशाचे आहों, असें त्यानें त्यांस सांगितलें आणि मॉस्कोस कळविण्यासाठीं टेलिफोन कोठें मिळेल याची चौकशी केली.