जखडलेले नट व बोल्ट
जुन्या मोटारगाडीतील नट व बोल्ट यांच्या आट्यांत पाणी शिरून पोलाद गंजते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने आट्यांमधील फट भरून नट जखडतो. खारट हवेत हे लवकर घडते. नुसता जोर लावल्यास बोल्ट तुटतो आणि एंजिनात उरलेला तुकडा छिद्र पाडून काढताना मूळ आटेही बिघडू शकतात. म्हणून आटे तारेच्या ब्रशाने घासून त्यांत पातळ भेदक तेल सोडतात व ते शक्यतो रात्रभर मुरू देतात. नंतर नट किंचित आवळून मग ढिला करतात. तरीही न सुटल्यास फक्त नट तापवितात. तो बोल्टाआधी प्रसरण पावतो. मात्र इंधनाची टाकी वा ब्रेकच्या नळ्या जवळ असता ज्योत लावणे धोक्याचे असते. तेथे छिन्नीने नट फोडणेच बरे.