मताधिकाराचा राखणदार कोणी निवडावा?

आलापल्ली परिसरातील आपल्या अनेक भाविकांना ग्रामपंचायत आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकाच आयोगामार्फत होतात असे वाटते. वस्तुतः लोकसभा व विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग आहे, तर ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग आहे. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली स्थापन झाला.

अमेरिकेतील अनेक राज्यांत निवडणुकांची देखरेख करणारा अधिकारीच मतदानाने निवडला जातो. २०२२ मध्ये ॲरिझोना व नेवाडा राज्यांत या पदाच्या उमेदवारांचे मताधिकाराविषयीचे विचार हाच प्रचाराचा मुख्य विषय होता. आपल्याकडे राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात. प्रत्यक्षात नाव मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरते. जानेवारी २०२५ मध्ये श्री. दिनेश वाघमारे यांची अशी नियुक्ती झाली. या पदासाठी विचारात असलेल्या व्यक्तींची मते जनतेपुढे येत नाहीत. म्हणूनच घटनेने दुसरे संरक्षण दिले आहे: कलम २४३-के नुसार आयुक्तांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच, त्याच पद्धतीने पदावरून दूर करता येते.

हे संरक्षण किती आवश्यक आहे, ते दोन घटनांवरून कळते. २००८ मध्ये तत्कालीन आयुक्त श्री. नंदलाल यांना विधिमंडळाने विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांची कोठडी सुनावली. गोव्यात शासनाच्या विधी सचिवांकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला होता. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली आणि शासकीय सेवेत असलेली व्यक्ती या पदावर नसावी, असे सर्व राज्यांना बजावले. जो शासनाचा नोकर आहे, तो शासनकर्त्यांच्याच निवडणुकीत निःपक्ष कसा राहील, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

गडचिरोलीकरांसाठी हा दूरचा विषय नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ साली झाली. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटनेचे कलम २४३-ई सांगते. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने सरपंचपद आदिवासी बांधवांसाठी राखून ठेवले आहे. परंतु निवडणूकच लांबली, तर राखीव जागेचा हक्क कागदावरच राहतो.

मग आपण काय करावे? स्थानिक निवडणुकांची यादी विधानसभेच्या मतदार यादीवरूनच तयार होते. त्यामुळे त्या यादीत नाव नसेल, तर ग्रामपंचायतीचे मतही जाते. अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांनी नमुना ६, तर पत्ता बदललेल्यांनी नमुना ८ भरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. कामासाठी दूर जाणाऱ्या कुटुंबांची नावे आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी तपासून द्यावीत.

मतदान करणे हे नैतिक कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. लोकांवर नेमायची माणसे देवभीरू, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली असावीत, असा सल्ला इथ्रोने मोशेला दिला (निर्गम १८:२१). आयुक्तांची निवड आपल्या हाती नाही. मात्र त्या पदावर कशी व्यक्ती हवी, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारणे निश्चितच आपल्या हाती आहे.