तपकिरी ठिपक्याची साक्ष

उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दाखवलं. दुधातला तो 'घटक' पुढे विषाणू निघाला. मग माणसातही असा कोणी दडलेला असेल का, ही शंका संशोधकांच्या डोक्यातून जाईना. यात मुंबईचाही वाटा आहे. इथे कमल रणदिवे उंदरांच्या स्तनगाठींवर काम करत होत्या. १९७१ साली डॅन मूर यांच्या गटाने मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या त्या विषाणूसारखे कण दिसल्याचं 'नेचर'मध्ये छापलं. या समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त. सत्यवती सिरसाट त्या लेखाच्या सहलेखिका. पण दूध आणि रोग यांची सांगड पुढे काही पक्की बसली नाही.

विषाणूचा शोध मग थेट गाठीतच सुरू झाला. मेणाच्या ठोकळ्यातून काढलेली पातळ चकती काचेवर घ्यायची, मेण उतरवायचं, विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड सोडायचं, धुवायचं, रंग चढवायचा. विषाणूचं प्रथिन असेल तिथे तपकिरी, बाकी निळसर. हाताने करताना मिनिटं मागेपुढे होत आणि रंग बदलत असे. अमेरिकेतल्या टूसॉनचे पॅथॉलॉजिस्ट थॉमस ग्रोगन यांनी १९८५ साली व्हेंटाना कंपनी काढली ती हे काम यंत्रावर न्यायला. तापमान, वेळ, थेंब सगळं ठरलेलं, स्लाइडवर बारकोड.

यंत्राने हाताचा दोष काढला, प्रतिपिंडाचा नाही. १९९९ साली एका फ्रेंच गटाने शंभर गाठींपैकी ५१ मध्ये एप्स्टाइन-बार या माणसातल्या वेगळ्या विषाणूचा डीएनए पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीने, सापडल्याचं सांगितलं. या विषाणूच्या प्रथिनासाठीचं टूबीफोर नावाचं प्रतिपिंडही कर्कपेशींच्या केंद्रकांत रंगत होतं. पुरावा भक्कम वाटावा असाच! पण २००३ मध्ये अशा रंगणाऱ्या गाठी तपासल्या, तर त्यांत विषाणूचा जनुकसंचच मिळेना. २००६ मध्ये उलगडा झाला: टूबीफोर मेज-फोर या माणसाच्याच प्रथिनाला चिकटत होतं. हे प्रथिन काही कर्कपेशी स्वतःच बनवतात. अशी चूक यंत्र प्रत्येक स्लाइडवर तितक्याच शिस्तीने करणार, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते.

म्हणून आज भरवसा ठेवतात तो ईबर चाचणीवर. बाधित पेशीत या विषाणूचे ईबर आरएनए विपुल असतात आणि त्यांना जुळणारा प्रोब यंत्रावरच लावता येतो. स्तनाच्या गाठीत कर्कपेशी बहुधा कोऱ्याच राहतात. क्वचित मधे शिरलेला एखादा लिम्फोसाइट, म्हणजे पांढरी रक्तपेशी, रंगतो. सगळं ऊतक एकत्र वाटून केलेल्या पीसीआरला तेवढा पुरतो.