बर्फावरचा धडा, कबड्डीच्या मॅटवर: जांघ आणि गुडघा कसा सांभाळायचा

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून देतोय. बोलताना राहिलेल्या एक-दोन गोष्टीही घातल्यात.

सुरुवात आइस हॉकीपासून. हसू नका. ठाण्यापासून कल्याणपर्यंत बर्फ म्हटलं की आपल्याला गोळेवालाच आठवतो, हे मलाही माहीत आहे. पण आपल्या कबड्डीवाल्या पोरांची जांघ दर हंगामात धरते ना, त्यावरचं एक कामाचं उत्तर बर्फावर खेळणाऱ्यांकडून आलंय.

स्केटिंग करताना खेळाडू एक पाय बाहेरच्या बाजूला जोरात रेटतो आणि तोच पाय लगेच आत ओढतो. बाहेर रेटणारे स्नायू कमरेच्या बाजूला असतात, आत ओढणारे मांडीच्या आतल्या बाजूला. बाहेरचे दणकट आणि आतले कच्चे असले की आतल्यांवर ताण येतो, कारण बाहेर चाललेल्या पायाला ब्रेक लावायचं काम त्यांचंच असतं. एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाची हंगामाआधी ताकद मोजली गेली. ज्यांच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्यांच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी भरली, त्यांची जांघ दुखावण्याची शक्यता इतरांच्या 17 पट निघाली. हे 2001 मध्ये छापून आलं. पुढे त्या कच्च्या खेळाडूंकडून सहा आठवडे व्यायाम करून घेतला. आधीच्या दोन हंगामांत अशा 11 दुखापती झाल्या होत्या, नंतरच्या दोन हंगामांत 3.

आता चढाई डोळ्यांसमोर आणा. 30 सेकंद. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्याकडे पाय लांब टाकतो, आणि तेवढ्यात घोटा पकडला जातो. शरीर मध्यरेषेकडे पळतंय आणि पाय मागेच अडकलाय. जांघेला याहून वाईट वेळ कुठली? आपल्या कल्याणचा गिरीश एर्नाक घ्या. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय संघात होता, खेळतो डाव्या कोपऱ्यात, आणि घोट्याची पकड हीच त्याची ओळख. त्याच्या हातात पाय सापडलेल्या चढाईपटूच्या जांघेचं काय होत असेल, विचार करा. बचावपटूही सुटत नाही बरं का. खाली बसून बाजूला झेप घ्यायची म्हणजे त्याचीही जांघ ताणलीच.

माझंच सांगतो. ऑफिसातून सुटून डोंबिवलीला उतरायचो तेव्हा साडेआठ झालेले असायचे. तासभर लोकलमध्ये एका पायावर उभं राहून आलेला माणूस पिशवी ठेवायचा, मैदानाला दोन फेऱ्या मारायचा आणि थेट चढाईला जायचा. जांघ दुखायची. आमच्याकडे उपाय ठरलेला: बाम चोळ आणि घट्ट पट्टी बांध. दोन हंगाम असे काढले. तिसऱ्या वर्षी निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात चालतासुद्धा येईना. कुणी मुद्दाम वाईट केलं नाही, पण ‘हे दुखणं आधी थांबवता येतं’ असं सांगणारा एकही माणूस मैदानावर नव्हता. आपल्याकडे किती घरांत खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसात लागण्याची आशा असते, सांगायला नको. तिथे एक हंगाम जाणं म्हणजे वयाचं एक वर्ष जाणं.

तर व्यायाम. त्याला कोपनहेगन म्हणतात. मशीन लागत नाही, जोडीदार लागतो. कुशीवर आडवे व्हा, खालच्या हाताचं कोपर जमिनीवर. जोडीदार तुमचा वरचा पाय कमरेच्या उंचीला धरेल, एक हात घोट्याखाली, दुसरा गुडघ्याखाली. आता तो वरचा पाय जोडीदाराच्या हातांवर खाली दाबत कंबर उचला आणि खालचा पाय वरच्याला आणून भिडवा. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद. घाईने केलात तर अर्धा फायदा गेला. सुरुवातीला चार-पाच वेळा जमलं तरी पुष्कळ, हळूहळू 12 ते 15 पर्यंत न्या. दोन्ही बाजूंनी करा. हंगामाआधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. सामने सुरू झाले की आठवड्यातून एकदा. नॉर्वेत 35 फुटबॉल संघांवर हा आणि याचेच सोपे प्रकार करून पाहिले, तेव्हा जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी घटला. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना मांड्या बोंबलतील, ते साहजिक आहे.

अजिबातच जमत नसेल तर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, मधे फुटबॉल धरा आणि दाबा.

रोजची तपासणीही त्याच बॉलने होते. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवा, घोट्यांच्या मधे बॉल धरा आणि पाच सेकंद पूर्ण जोराने दाबा. जांघेतल्या दुखण्याला 10 पैकी किती गुण द्याल? 0 ते 2 हिरवा सिग्नल. 3 ते 5 पिवळा, म्हणजे आज सराव हलका. 6 किंवा त्याहून जास्त म्हणजे लाल: आज मैदानाबाहेर, आणि फिजिओला फोन. कोचला ‘थोडं दुखतंय’ म्हणण्यापेक्षा ‘आज सहा आहे’ म्हणणं सोपं जातं, हा माझा अनुभव.

गुडघ्याचं थोडक्यात सांगतो, त्यावर वेगळा भाग करू. मातीत पाय घसरतो, मॅटवर बूट चिकटतो. पाय चिकटला आणि अंग वळलं की एसीएल लिगामेंट जातं, बऱ्याचदा कुणी धक्का न देता. अशा वळण्या-उडण्याच्या खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून उडी मारून उतरताना गुडघे आत पडताहेत का, हे मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढून बघा. पडत असतील तर आधी ते सुधारा, उडीची उंची नंतर.

ऑपरेशन झालेल्यांनी एवढं ऐका. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवाल, तितकी प्रत्येक महिन्याला पुन्हा गुडघा जायची शक्यता जवळपास निम्म्याने कमी होते. सहाव्या महिन्यात पाय छान चालतो, जिने चढता येतात, मित्र म्हणतात चल खेळू. नाही जायचं. पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आली का, ते फिजिओकडून मोजून घ्या.

पुढच्या स्पर्धेची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि तिथून आठ आठवडे मागे मोजा. तुमचा पाय कोण धरणार, ते आजच्या सरावात ठरवून टाका.